कँकूनहून चिचेन इत्सा आणि सेनोटे : आईसोबत, स्वस्तातल्या गाईडेड बसनं

मेक्सिकोतल्या कँकूनमध्ये एका दिवसात चिचेन इत्साचे, म्हणजे प्राचीन माया लोकांच्या शहराचे, भग्नावशेष दाखवून वर सेनोटेत, म्हणजे चुनखडकाचं छत कोसळून झालेल्या नैसर्गिक विहिरीत, पोहायला नेणाऱ्या गाईडेड सहली पावलोपावली विकल्या जातात. तीस-चाळीस डॉलरपासून सव्वाशे-दीडशेपर्यंत दर, आणि जाहिरातीतली छायाचित्रं सगळ्यांची सारखीच. ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून गेली काही वर्षं मला हेच प्रश्न ऐकू येतात: व्हिसा लागतो का, सासूबाईंना झेपेल का, पोहता येत नसेल तर पैसे वाया जातात का, जेवायला काय मिळतं. २०२४च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी आईला घेऊन ही सहल केली. आई ६७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या गावची, गुडघे थोडे कुरकुरणारे, रक्तदाबाची गोळी चालू. मला स्वतःला पाय टेकत नसलेल्या पाण्याची फार भीती. त्यामुळे निघण्याआधी बरंच विचारून घ्यावं लागलं. ते सगळं इथे क्रमानं लिहिते आहे.

सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रांपासून केली. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा, किंवा त्या देशांतलं कायम वास्तव्य असलं तरी हीच सवलत आहे. यातला ‘वैध’ हा शब्द नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्यांनी नीट वाचावा. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आय-७९७, म्हणजे मंजुरीचा कागद, वाढवून आलेला असतो, पण पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का मात्र संपलेला असतो. अमेरिकेत राहायला तो आय-७९७ पुरतो, पण मेक्सिकोत शिरायला पुरत नाही. तेव्हा मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढावा लागतो. माझ्या शिक्क्याची मुदत शिल्लक होती. आईचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ पर्यटक व्हिसा जुन्या पासपोर्टात होता, म्हणून नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट एकत्र रबर लावून ठेवले.

दुसरा खर्च व्हिसिटॅक्सचा. कँकून ज्या राज्यात येतं ते किंताना रो परदेशी पर्यटकांकडून हा कर घेतं. आम्ही गेलो तेव्हा माणशी २७१ पेसो होता. डॉलरला साधारण वीस पेसो मिळत होते, म्हणजे तेरा-चौदा डॉलर. तो ऑनलाइन भरायचा आणि पावती फोनमध्ये ठेवायची. नावसाधर्म्य असलेली आणि वर स्वतःची फी लावणारी संकेतस्थळं शोधात आधी येतात. सरकारी पत्ता शेवटी ‘जीओबी डॉट एमएक्स’नं संपतो, तेवढं पाहून घ्यावं.

मग सहल निवडणं. यातच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो वेळ घालवावाच असं माझं ठाम मत आहे. कँकून ते चिचेन इत्सा अंतर जवळपास २०० किलोमीटर, बसनं अडीच तास. म्हणजे पाच तास बसमध्ये जाणारच. उरलेल्या वेळाचं काय होतं, यावर सहल चांगली की वाईट ते ठरतं. स्वस्त सहलींची जाहिरात वाचली की त्यात तीन गोष्टी असतात: अवशेष, सेनोटे, वायादोलिद शहर. चौथी गोष्ट असते हस्तकलेच्या दुकानाचा थांबा, आणि तो टळत नाही. प्रश्न एवढाच, की आधी काय आणि नंतर काय. पुष्कळ गाड्या आधी दुकान, मग सेनोटे, मग जेवण करून दुपारी एक-दीडला चिचेन इत्साला पोचतात. भर उन्हात, पोट भरलेलं, अंग ओलं होऊन सुकलेलं, आणि समोर सावली नसलेलं भलंमोठं पटांगण. आईला हे झेपलं नसतं. मी चार-पाच कंपन्यांना व्हॉट्सअॅपवर एकच मजकूर पाठवला: पहिला थांबा कुठला, अवशेषांपाशी एकूण किती वेळ, प्रवेश शुल्क दरात आहे की वेगळं, गाईड एका भाषेत बोलतो की दोन, सेनोटे कुठला आणि तिथे लाइफ जॅकेट मिळतं का. ज्यांनी नुसता दर आणि ‘आजच बुक करा’ एवढंच पाठवलं त्यांना सोडून दिलं. एकानं सगळ्या प्रश्नांची ओळीनं उत्तरं दिली: अवशेष आधी, दोन तास, प्रवेश शुल्क वेगळं आणि रोख, इंग्रजी बोलणाऱ्यांची वेगळी बस, सेनोटे इक किल, जॅकेट दरात. दर माणशी ३९ डॉलर. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शुक्रवार, २९ नोव्हेंबरची दोन तिकिटं काढली. रविवार मुद्दाम टाळला. त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना पुरातत्त्व स्थळांवर सवलत असते, त्यामुळे स्थानिक कुटुंबांची मोठी गर्दी होते.

राहता राहिलं पोहणं. आमच्या अपार्टमेंटच्या तलावात छातीइतक्या पाण्यात मी हातपाय मारू शकत होते. पण सेनोटे म्हणजे खोल पाणी, इक किलचं तर चाळीस मीटरहून खोल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या बंदिस्त तलावावर मोठ्यांच्या वर्गाला जायला लागले. प्रशिक्षकाला सरळ सांगितलं, की मला शर्यतीचं पोहणं शिकायचं नाही, जॅकेट घालून खोल पाण्यात शांत राहता आलं पाहिजे. तिनं तेवढंच करून घेतलं: जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, खांद्याला धरून कुणी वर ओढलं तर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये, पाण्यात पडल्यावर आधी उताणं व्हायचं, श्वास बाहेर सोडायचा आणि मग दिशा बघायची. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी निदान एवढं तरी आधी करून बघावं. जॅकेट आयुष्यात पहिल्यांदा सेनोटेच्या काठावर घालू नये.

आईचं पोहणं विहिरीतलं. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून मामानं ढकललं आणि ती शिकली. पण त्यालाही चाळीस वर्षं होऊन गेलेली. तिच्या डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं. त्यांनी थंड पाण्यात एकदम उडी न मारता हळूहळू उतरायला सांगितलं. कपड्यांचा प्रश्न तिला जास्त मोठा वाटत होता. सुती सलवार-कुर्ता पाण्यात जड होतो आणि पायात येतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची विजार असा जोड आणला. वीस-पंचवीस डॉलरमध्ये मिळतो. आपल्याकडच्या आया-मावश्यांना घेऊन जाणार असाल तर हा खर्च नक्की करा. तो जोड हातात आल्यावर आईचा नकार एका मिनिटात मावळला.

बुधवारी, २७ नोव्हेंबरला ह्यूस्टनहून निघालो. विमान अडीच तासांच्या आतबाहेर. तिकीट खिडकीवर आईचे दोन्ही पासपोर्ट बराच वेळ उलटसुलट पाहिले गेले, संगणकात काहीतरी तपासलं, मग बोर्डिंग पास मिळाले. कँकूनला इमिग्रेशनच्या रांगेत चाळीस मिनिटं. अधिकाऱ्यानं परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण मागितलं. दोन्ही छापील होतं, ते बरं झालं, कारण तिथे फोनला नेटवर्क धड येत नव्हतं. शिक्का मारताना तो किती दिवस लिहितो ते तिथल्या तिथे वाचावं. विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा पडतो. आम्ही सरळ आडेओ कंपनीच्या बसच्या खिडकीवर गेलो आणि गावातल्या स्थानकावर उतरलो. हॉटेल मुद्दाम स्थानकाजवळ, गावात घेतलं होतं. समुद्रकाठच्या हॉटेलांच्या पट्ट्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं, आणि सहलीच्या बस तिथूनही माणसं उचलतात. पैसे बँकेच्या एटीएममधून पेसोतच काढले. यंत्र ‘आमच्या दरानं रूपांतर करू का’ असं विचारतं, तिथे नकार द्यायचा. पैसे तरीही मिळतात आणि आपल्या बँकेचा दर लागतो, जो बराच चांगला असतो.

शुक्रवारी पहाटे सहाला हॉटेलच्या दारात छोटी व्हॅन आली. ती सहलीची बस नसते, हे आधी माहीत असलेलं बरं. व्हॅन पाच-सात हॉटेलांतून माणसं गोळा करते, एका मोठ्या वाहनतळावर सोडते, तिथे यादीत नाव शोधून मनगटावर रंगीत पट्टी बांधतात आणि रंगाप्रमाणे बसमध्ये बसवतात. यात जवळजवळ तासभर गेला. आईला भूक लागली, तेव्हा घरून आणलेले तिखटमिठाचे पराठे आणि केळी कामी आली. बसमध्ये स्वच्छतागृह होतं, एसी फार गार होता. एक शाल हाताशी हवीच.

सातच्या सुमारास बस हलली आणि गाईडनं माइक घेतला. चाळिशीचा माणूस, वायादोलिदजवळच्या खेड्यातला. घरी माया बोलतो, शाळेत स्पॅनिश शिकला, इंग्रजी पर्यटकांमुळे. गळ्यात सरकारी परवान्याचं ओळखपत्र होतं. ते असलेला गाईड मागून घ्यावा. त्यानं पहिलं वाक्य हे सांगितलं, की माया लोक नाहीसे झाले असं तुम्ही वाचलं असेल, पण मी तुमच्यासमोर उभा आहे. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत युकातानची माया भाषा बोलणारे साडेसात लाखांहून जास्त लोक नोंदले गेले आहेत. नंतर दिवसभर मी ज्या ज्या विक्रेत्याशी, स्वयंपाक्याशी, रखवालदाराशी बोलले, त्यांच्याकडे मी या एका वाक्यामुळे वेगळ्या नजरेनं पाहिलं.

मग सहायकानं प्रवेश शुल्क गोळा केलं. चिचेन इत्साला दोन शुल्कं असतात, एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं आणि एक युकातान राज्याचं. परदेशी माणसाला दोन्ही मिळून सहाशे पेसोंच्या वर पडतात. जाहिरातीतल्या ३९ डॉलरमध्ये जवळजवळ तितकीच भर इथेच पडली. आमच्या मागच्या सीटवरच्या जोडप्याला हे माहीत नव्हतं, त्यांच्याकडे रोकडही नव्हती, आणि त्यांचा पुढचा अर्धा तास वाद घालण्यात गेला. दोन माणसांसाठी निदान दोन हजार पेसो रोख खिशात असू द्यावेत.

आणखी एक गोष्ट फायद्याची. चिचेन इत्सा ज्या राज्यात आहे त्या युकातानचं घड्याळ किंताना रोपेक्षा एक तास मागे आहे. साडेनऊला आम्ही पोचलो तेव्हा तिथे साडेआठ वाजले होते. दार आठला उघडतं. सकाळी लवकर निघणाऱ्यांना हा तास भेट मिळतो आणि संध्याकाळी तो परत जातो. त्याच रात्रीचं विमान धरणाऱ्यांनी ही सहल घेऊ नये.

झाडांतून चालत बाहेर आलो आणि समोर एकदम कुकुलकानचं मंदिर. छायाचित्रांत पाहिलेलं असूनही आई थांबली आणि तिनं हात जोडले. माथ्यावरच्या देवळासह तीस मीटर उंची, नऊ टप्पे, चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या. ३६४ आणि माथ्यावरची एक धरून ३६५. विषुवदिनाच्या आसपास, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, संध्याकाळच्या उन्हात उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर सावलीचे त्रिकोण पडतात आणि पायथ्याच्या दगडी सर्पमुखाला जोडले जाऊन साप उतरत असल्यासारखा दिसतो. त्या दिवसांत तिथे प्रचंड गर्दी असते. २००६ पासून वर चढायला बंदी आहे, त्यामुळे गुडघ्यांची काळजी करणाऱ्यांनी निर्धास्त जावं: इथलं सगळं चालणं सपाटीवरचं आहे. गाईडनं जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवली आणि वरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी आला. केत्साल नावाच्या पक्ष्याच्या आवाजाशी त्याचं साम्य सांगतात. आईनं मग स्वतः चार-पाच वेळा टाळी वाजवून बघितली.

या मंदिराच्या पोटात आणखी एक जुनं मंदिर आहे, त्यात तांबड्या रंगाचं, हिरव्या जेड दगडांचे ठिपके असलेलं जग्वारचं आसन मिळालं. त्याच्याही आत तिसरं बांधकाम असल्याचं २०१६ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं. मंदिराखाली पाणी असल्याचंही मोजमापांतून दिसलं आहे. गाईडनं हे जमिनीवर काठीनं रेघा ओढून समजावलं आणि म्हणूनच मला ते लक्षात राहिलं. फलकांवर एवढं मिळत नाही. स्वस्त सहलीतही चांगला गाईड हीच खरी कमाई आहे, आणि त्याला शेवटी द्यायचे पैसे मी आधीच वेगळ्या पाकिटात काढून ठेवले होते.

चेंडूच्या खेळाचं मैदान १६८ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या अशा प्राचीन मैदानांत सगळ्यात मोठं. दोन्ही भिंतींवर उंच दगडी कडी. भिंतीच्या तळाशी कोरीव पट्ट्यात एका खेळाडूचं शिर कापलेलं आहे आणि मानेतून रक्ताऐवजी साप निघालेले दिसतात. जिंकणाऱ्या संघाच्या नायकाचा बळी देत, अशी कथा बहुतेक गाईड सांगतात. आमच्या गाईडनं ती सांगितली, पण लगेच हेही म्हणाला, की दगडात फक्त शिर कापलेलं दिसतं, तो जिंकला होता की हरला ते दगड सांगत नाही. असं स्पष्ट बोलणारा गाईड मिळाल्याबद्दल मला फार बरं वाटलं.

पवित्र सेनोटेपर्यंतची वाट जुन्या माया रस्त्यावरून जाते. सावली आहे, पण दोन्ही बाजूंना विक्रेते बसलेले असतात. जग्वारसारखं गुरगुरणाऱ्या शिट्ट्या, लाकडी मुखवटे, विणलेल्या पिशव्या. हाका मारतात, पण मागे लागत नाहीत. मान हलवून पुढे गेलं की पुरतं. काही घ्यायचं असेल तर बसच्या दुकानाच्या थांब्यापेक्षा इथेच घ्यावं, पैसे आसपासच्या खेड्यांतल्या घरांत जातात. सेनोटे म्हणजे साठेक मीटर व्यासाचा, उभ्या कड्यांचा गोल खड्डा, तळाला हिरवं पाणी. इथे पोहायला बंदी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वाणिज्यदूतानं यातला गाळ उपसून सोनं, जेड आणि माणसांची हाडं काढली आणि पुष्कळ वस्तू हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेल्या. त्यावरून तरुण मुलींचे बळी इथे देत, ही गोष्ट पसरली. पण १९६७ मध्ये या सेनोटेजवळ जमिनीखालच्या एका टाक्यात शंभराहून जास्त लहान मुलांचे अवशेष सापडले होते, त्यातल्या ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास आम्ही गेलो त्याच वर्षी, जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सगळे मुलगे निघाले. बरेच एकमेकांचे जवळचे नातलग, आणि त्यात एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. हे ऐकून आई बराच वेळ काठावर गप्प उभी होती. मग म्हणाली, “पावसासाठी असेल बाई.” मायांचा पावसाचा देव चाक. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही, सगळा चुनखडक, पाणी झिरपून खाली जातं. जिथे छत कोसळलं तिथे सेनोटे, आणि तिथेच वस्ती. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दहाएक किलोमीटरचा लघुग्रह चिक्शुलूबला आदळला, त्या विवराच्या कडेनं सेनोटेंची कमानीसारखी रांग आहे. डायनोसॉरांचा शेवट करणाऱ्या आघाताच्या कडेला पुढे माणसांनी पाणी शोधलं, हा विचार मला अजून सोडत नाही.

अकरापर्यंत ऊन चढलं होतं. नोव्हेंबर असून तीसच्या जवळ. एप्रिल-मेमध्ये पस्तिशी ओलांडते, तेव्हा मोठ्या माणसांना नेऊ नये असं मी सांगेन. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, आणि स्वच्छतागृह आत शिरायच्या आधीच उरकणं. दुकानाच्या थांब्यावर अर्धा तास गेला. तिथे नाव कोरलेलं माया पंचांगाचं पदक विकतात. आम्ही सरबत पिऊन बसलो.

जेवण सेनोटेच्याच आवारात, बुफे. शाकाहाऱ्यांसाठी भात, काळे राजमे, मक्याच्या पोळ्या, भाज्या, कोशिंबीर, फळं. राजम्यात बरेचदा डुकराची चरबी घालतात, म्हणून विचारायचं, “सिन मान्तेका?”, म्हणजे ‘चरबीशिवाय आहे का?’ स्वयंपाक्यानं प्रामाणिकपणे मान हलवून नाही म्हटलं, म्हणजे चरबी होती, मग भात, नोपाल निवडुंगाची भाजी आणि भोपळ्याच्या बियांची चटणी घेतली. तिला सिकिल पाक म्हणतात, भाजलेल्या बिया आणि टोमॅटो एकत्र वाटलेल्या. आईनं ती पोळीला लावून दोनदा वाढून घेतली. हबानेरो मिरचीचा ठेचा मात्र टोकावर घेऊनच चाखावा. पेयं दरात नव्हती, दोघींची मिळून १२० पेसो. पोट अर्धंच भरलं, कारण पुढे पाण्यात उतरायचं होतं.

इक किलच्या दारात आधी लॉकर, मग शॉवर. शॉवर सक्तीचा आहे, आणि तो सगळ्यांनी मनापासून घ्यावा. सनस्क्रीन आणि डासांचं मलम धुऊनच उतरायचं, कारण हे पाणी जमिनीखालून पुढे जातं आणि हेच लोकांच्या पिण्याचं पाणी आहे. आम्ही सकाळपासून सनस्क्रीन न लावता पूर्ण बाह्या आणि टोपीवरच भागवलं होतं. जॅकेट सगळ्यांना घालावं लागतं, पोहता येणाऱ्यांनाही. मापाचं मिळेपर्यंत हलायचं नाही; मला पहिलं सैल वाटलं, ते बदलून घेतलं.

खाली उतरायला दगडात कोरलेला जिना. पाणी जमिनीपासून २६ मीटर खाली. पायऱ्या ओल्या आणि माणसांची ये-जा, म्हणून आईला भिंतीच्या बाजूनं, रबरी तळव्याच्या पाण्यातल्या बुटांनी, एकेक पायरी करत नेलं. मधे भिंतीत झरोके आहेत, तिथे थांबून खालचं पाणी दिसतं. वरून वेली सुटून थेट पाण्यापर्यंत लोंबकळत होत्या, दुपारचं ऊन उघड्या तोंडातून सरळ पाण्यावर पडलं होतं आणि तो एक तुकडा निळा होता, बाकी सगळं काळसर. आई म्हणाली, “अगं, आपल्या मळ्यातली विहीरच की ही, नुसती दहापट!”

पाण्यात उतरायला एका बाजूला शिड्या, दुसऱ्या बाजूला उडी मारणाऱ्यांचे कट्टे. शिडीला रांग होती. आई आधी उतरली. गुडघ्यापर्यंत, थांबली, कमरेपर्यंत, थांबली, मग शिडी सोडली आणि उताणी होऊन निघाली. मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं, आकडा ऐकून गार वाटत नाही, पण तापलेल्या अंगाला चांगलंच झोंबतं. पायाखाली काही नाही, आणि खाली चाळीस मीटर, हे डोक्यातून जात नव्हतं. छाती धडधडू लागली. मागच्या माणसांना मी हातानं पुढे जायला सांगितलं आणि शिडीच्या कडेला धरून पाण्यात नुसती लटकत राहिले. श्वास बाहेर सोडायचा, तो संपेपर्यंत सोडायचा, एवढंच करत होते. जॅकेटनं खांदे वर उचलले. मग एक हात सोडला. सेनोटेच्या आरपार दोर बांधलेला आहे, तो पाच-सहा हातांवर होता, तिथवर पाय मारत गेले आणि दोर धरला. काठावर शिट्टी घेतलेला जीवरक्षक माझ्याकडेच पाहत होता. त्यानं अंगठा वर केला.

दोराला धरून मान मागे टाकली. वर गोल आकाश, कड्यांवरून पाण्याचे बारीक धागे ठिबकत होते, पाठीखाली काळे मासे फिरत होते. त्या पाण्यात चाळीस मीटर असोत की चार, मला तरंगायला तेवढंच पाणी लागतं, हे प्रशिक्षकानं सांगितलं होतं. तिथे ते अंगाला कळलं. मी दोर सोडून उन्हाच्या त्या निळ्या तुकड्यापर्यंत गेले आणि परत आले. आई तिथे आधीच पोचून एका मेक्सिकन आजीशी खुणांनी गप्पा मारत होती. आम्हाला पाण्यात अर्धा तास मिळाला. बाहेर पडल्यावर वर चढणं उतरण्यापेक्षा जड जातं. बस सुटायच्या निदान वीस मिनिटं आधी पाण्यातून निघावं. कोरडे कपडे बदलायला जागा चांगली आहे.

सगळ्यांना इक किलच सोयीचा असतो असं मात्र नाही. ज्यांना इतक्या पायऱ्या नकोत त्यांनी वायादोलिदच्या गावातलाच साकी सेनोटे बघावा, नाहीतर उघड्या, उथळ काठाचे सेनोटे दाखवणारी सहल विचारावी. बंद गुहेतल्या सेनोटेंमध्ये छत डोक्यावर असतं, उजेड कमी असतो. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी ते टाळावेत. पोहणं अजिबातच नको असेल तरी काठावर बसायला मनाई नाही.

वायादोलिदला चाळीस मिनिटं मिळाली. १५४३ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेलं शहर, रंगीत भिंती, चौकात सान सेर्वासियोचं चर्च. एवढ्या वेळात शहर कळत नाही, त्यामुळे आम्ही चौकातच बसून मार्केसिता खाल्ल्या: कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं चीज. पुढच्या वेळी इथेच मुक्काम करून सकाळी कोलेक्तिवो, म्हणजे शेअर व्हॅननं अवशेषांना जाईन. चिचेन इत्सा इथून फक्त पाऊण तासावर आहे, आणि आता तिथे माया ट्रेनही थांबते.

परत येताना तो एक तास हातातून गेला. हॉटेलात पोचायला साडेसात वाजले. हिशोब असा झाला: सहल दोघींची ७८ डॉलर, प्रवेश शुल्क साधारण ६४, व्हिसिटॅक्स २७, पेयं, लॉकर, खाणं आणि गाईडचे २०० पेसो मिळून पंचवीसच्या आत. व्हिसिटॅक्स सोडून माणशी ८० ते ८५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं सातेक हजार रुपये. जाहिरातीत पाहिलेल्या ३९ डॉलरची दुप्पट धरून चाललं की मन खट्टू होत नाही.

रविवारी, १ डिसेंबरला ह्यूस्टनला परतलो. विमानतळावर अधिकाऱ्यानं आईला मेक्सिकोत काय केलं ते विचारलं. मी दुभाषीपणा करायला पुढे झाले, पण आईनं आधीच हातांनी पोहून दाखवलं होतं. घरी आल्यावर सगळ्यात आधी तिचा आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्याची नोंद, ऑनलाइन उघडून पाहिला. अमेरिकेत आलेले आई-वडील मधेच मेक्सिकोला जाऊन आले, की परतीच्या वेळी नवी मुदत मिळाली की जुनीच तारीख ठेवली, हे त्या नोंदीतच कळतं, आणि भारताचं तिकीट त्या तारखेच्या आत असावं लागतं. नोंद डाउनलोड करून आईच्या फोनमध्ये, माझ्या ईमेलमध्ये आणि छापून तिच्या पासपोर्टच्या वेष्टनात ठेवली.